गाडी येईपर्यंतची शाळा

माझी पत्नी गेल्या ऑगस्टमध्ये गेली. ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती गेल्यापासून मी तिच्या कपाटातल्या फायली वाचतो आहे, दिवसाला एक. रत्नागिरीतल्या एका वाचनालयात पंचवीस वर्षं ग्रंथपालाचं काम करतो आहे, जुने कागद कसे उघडायचे ते मला ठाऊक आहे. पण हे कागद उघडताना हात अडतो. एका पाठकोऱ्या कागदावर दुसरीच्या गणिताचे प्रश्न असतात, मागे वाण्याची यादी असते, आणि दोन्हीकडे तेच गोल, सुटं अक्षर. अशा एका कागदापाशी अर्धा तास सहज जातो.

काल तिच्या खुलाशाची प्रत सापडली. संपाच्या वर्षीची. खाली सही तिची आहे, पण वाक्यं माझी आहेत. म्हणून हे लिहायला बसलो. कोणाचंही नाव लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे कळेल.

तिची शाळा लांजा तालुक्यात, हायवेच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत. पहिली ते चौथी, पट अकरा. शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक कित्येक वर्षं रिकामी. तेव्हा शिकवणं तिचं, मुख्याध्यापकाचे कागद तिचे, आणि छपराचं कौल सरकलं की माणूस शोधणंही तिचंच. सकाळी सव्वाआठला ती मारुती मंदिरच्या थांब्यावर उभी असायची. रत्नागिरीहून रोज त्या बाजूला जाणारे सात-आठ शिक्षक होते. स्टँडवर जो चढेल त्याने बाकीच्यांसाठी जागा धरायची, अशी रीत. कोणाच्या जागेवर रुमाल, कोणाच्या जागेवर डब्याची पिशवी. खिडकीची जागा एका वयस्क गुरुजींची. ते संघटनेचं काम करायचे आणि गाडीतल्या गप्पांचे अध्यक्षही तेच. माझ्या पत्नीची जागा त्यांच्या मागच्या बाकावर. त्या गाडीत लग्नाच्या पत्रिका वाटल्या जात, शाळेचे ऑनलाइन फॉर्म भरले जात, आणि कोणाचं काही दुखलं-खुपलं तर ते घरी कळण्याआधी गाडीत कळे. संध्याकाळी ती मला गाडीच्या बातम्या सांगायची. त्या माणसांना मी क्वचितच भेटलो असेन, पण त्यांच्या मुलांचे मार्क मला पाठ होते.

मग हायवेचं चौपदरीकरण सुरू झालं आणि गाडीचा भरवसा गेला. कुठे रस्ता वळवलेला, कुठे पुलाचं काम, पावसात कुठे माती खाली आलेली. शाळा दहाची, आणि ही कधीकधी पावणेअकराला पोहोचायची. मुलं पायरीवर बसलेली असायची. हे तिला लागायचं. तिने मग एक पद्धत बसवली. शाळेची किल्ली मावशींकडे. मावशी म्हणजे मुलांची खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस, साठीला टेकलेल्या, एकट्या. त्यांचं घर शाळेच्या मागच्या दगडी गडग्याला लागूनच. त्या दहाला दार उघडायच्या. चौथीतली सगळ्यांत मोठी मुलगी घंटा द्यायची. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, हजेरी, आणि त्यानंतर भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे अभ्यास.

तो तक्ता आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर तयार झाला होता. कडा मी आखून दिल्या. वर तिने लिहिलं, 'गाडी येईपर्यंतची शाळा', आणि खाली सोमवार ते शनिवार कोणी काय करायचं ते. पहिलीने चिंचोके मोजायचे, दुसरीने पाढे म्हणायचे, मोठ्यांनी लहानांना धडा वाचून दाखवायचा.

मी म्हटलं, "अगं, हे जमलं तर तुझी गरजच उरायची नाही."

ती स्केचपेनचं टोपण दातांत धरून म्हणाली, "तुमच्या वाचनालयात तुमची कुठे असते? लोक येतात, पुस्तकं घेतात, जातात. तरी तुम्ही टेबलावर बसलेले असताच ना?"

पद्धत छान चालली. वाडीला तिची सवय झाली. शाळेत कोणी आलं, पालक असो की पोस्टमन, की मावशी चुलीपुढून न उठता सांगायच्या, "बाई येतायत. गाडी लेट हाय." बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

संप मार्चमध्ये झाला. मागणी जुन्या पेन्शनची. माझी पत्नी नोकरीला लागली तोवर ती पेन्शन नव्या लोकांसाठी बंद झाली होती. तिचे वडीलही प्राथमिक शिक्षक. ते गेल्यावर तिची आई त्यांच्या पेन्शनवर गावच्या बौद्धवाडीत एकटी राहत होती, आणि कोणापुढेही हात न पसरता राहत होती. तेवढं एक उदाहरण तिच्यापुढे होतं. घोषणा देणाऱ्यांतली ती नव्हती. पण मला एकदा शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या वाचनालयाचं तर काही नाहीच. म्हातारपणी आपण लेकीच्या दारात बसायचं का? मी जाणार संपाला."

संपाच्या आदल्या दिवशी तिने मुलांना सांगितलं, उद्यापासून मी येणार नाही, शाळा बंद राहील, घरी पाढे म्हणा. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, संप म्हंजे काय?" तिने सांगितलं, "आपलं म्हणणं कोणी ऐकत नसलं, की सगळ्यांनी मिळून काम थांबवायचं." मुलीने थोडा विचार केला. "मंग आमी पन करू? सातच्या पाड्याचा?" घरी येऊन हे सांगताना ती चप्पल काढायची विसरली होती, इतकी हसत होती.

किल्ली मात्र मावशींकडेच राहिली. ती परत मागावी, असं तिच्या डोक्यातही आलं नाही. किल्ली नेहमीच तिकडे असायची.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. संपाचे ते दिवस आमच्या घरातले फार सुखाचे दिवस होते. आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती, आणि सुट्टी सोडून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहा वाजता ती घरात आहे, असं मी फारसं पाहिलं नव्हतं. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या मंडपात ती जाऊन बसायची आणि दुपारी जेवायला घरी यायची. मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. आईने पेपरच्या दिवशी केंद्रापर्यंत सोडायला यावं, ही तिची इच्छा पुरी होईल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. दोघी चालत गेल्या. वाटेत एकमेकींना विज्ञानाचे प्रश्न विचारत होत्या, असं मुलगी सांगते. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, माझे पेपर संपेपर्यंत तुमचा संप चालू दे."

"गप," आई म्हणाली. "माझ्या पोरांची पण परीक्षाच आहे पुढच्या महिन्यात."

एका सकाळी आम्ही दोघं मिरकरवाड्याला मासे आणायला गेलो. एरवी मी संध्याकाळी, उरलंसुरलं घेऊन यायचो. त्या दिवशी होड्या लागत होत्या, बर्फाच्या गाड्या आत-बाहेर करत होत्या, आणि ती साडी वर खोचून, प्रत्येक टोपलीतल्या बांगड्याचा कल्ला उचलून बघत होती. मासेवालीने विचारलं, "ताई, तुम्ही शाळेतल्या ना? आज कशा काय?"

"संप आहे."

"असं? मग आमच्या नवऱ्याला पण घ्या की तुमच्या संपात. त्याचा तर बारा महिने चालू आहे."

दोघी मनापासून हसल्या. मासेवालीने तिला चार बांगडे जास्तीचे टाकले. दुपारी माझ्या पत्नीने कोकमाचं आगळ घालून त्यांचं तिखलं केलं आणि आम्ही तिघं ऊन ओसरेपर्यंत ताटावरून उठलो नाही. मी मनात म्हटलं, चालू दे आणखी थोडे दिवस. लांज्याकडे अकरा मुलं आहेत, हे तेव्हा माझ्या मनात नव्हतं. ते तिच्या मनात होतं. जेवताना मध्येच ती घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "आत्ता खिचडीची सुट्टी झाली असती."

चौथ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. मी पेपर वाचत होतो. मावशी फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"बाई, आज सायब आल्ते. तालुक्यावरून. गाडी घेऊन आल्ते!"

"शाळेत? शाळा तर बंद आहे ना मावशी?"

"बंद कशी? पोरं येऊन पायरीवर बसली पयल्याच दिशी. घरची मान्सं काजूला गेलेली. उन्हात ठेवू काय पोरांना? मी दार उघडलं. मोठीनं घंटा दिली. तक्ता हाय ना भितीवर. रोज बसतायत."

"मग साहेब काय म्हणाले?"

"इचारलं, बाई कुटं हायत? मी म्हटलं, येतायत. गाडी लेट हाय. पोरं पन कशी शान्यासारकी पाडे म्हनत व्हती. त्यांनी वहीत लिवलं नि गेले. तुमी काय काळजी करू नका. तुमच्यावर काय येऊ दिलं न्हाय मी."

माझ्या पत्नीने डोळे मिटून घेतले. मावशींच्या हिशेबी साहेब येतो तो गैरहजर बाईंना पकडायला. आजवर तसंच झालं होतं, आणि आजवर त्याच एका वाक्याने निभावलं होतं. संपात गैरहजर असणं हेच बाईंचं काम आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. साहेबांनाही थांबून गाडीची वाट बघण्याचं कारण नव्हतं. सगळ्या बंद शाळांमध्ये त्यांना एक उघडी सापडली होती.

"बरं केलंत, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याची यादी व्हॉट्सॲपवर फिरली. अमुक शाळा बंद, तमुक शाळा बंद. हिच्या शाळेपुढे 'सुरू, शिक्षिका हजर'. गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, हे काय आहे?"

"गुरुजी, काल मी मंडपात तुमच्या मागे बसले होते."

"बसला होता, मी बघितलं. पण कागद काय म्हणतो ते बोला. आम्ही तालुक्यातले सगळे बिनपगारी, आणि तुम्ही मंडपातही आणि हजेरीतही?"

"तसं नाही. मी सांगते तुम्हाला."

"सांगा ना. आत्ता सांगा. आपण लगेच लेखी देऊ की अहवाल खोटा आहे."

गुरुजींनी थोडी वाट बघून फोन ठेवला. मी म्हटलं, अगं, एका वाक्यात मिटतंय, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, अहवाल खोटा म्हटला की पहिला प्रश्न येणार, खोटी माहिती दिली कोणी. "शिक्षकाला निदान नोटीस येते हो. मदतनिसाला तीही नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगतात." मावशींना ना मूल ना दुसरं काम. दुपारी त्या मुलांबरोबरच जेवायच्या, आणि माझ्या पत्नीच्या अंदाजाने त्यांचं दिवसभरातलं नीट जेवण तेवढंच होतं.

संप आठवडाभरात मिटला. ती शाळेत गेली त्या दिवशी अकराच्या अकरा मुलं हजर होती. मोठ्या मुलीने हजेरीची वही तिच्यापुढे ठेवली. एकही दिवस चुकलेला नव्हता. मग ती जागेवर जाऊन बसली आणि खिचडीच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही. माझ्या पत्नीने तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडायला लागली. "बाई, तक्ता संपला," ती म्हणाली. "पुन्ना सोमवारचाच केला. मला भागाकारच येत न्हाय, तर मी तिसरीला काय शिकवनार?" नऊ वर्षांची मुलगी. आठवडाभर तिने शाळा अंगावर घेतली होती आणि आपण कमी पडलो असं तिला वाटत होतं. तो तक्ता माझ्या पत्नीने भिंतीवरून काढला नाही, पण पुढे कधी त्याचं कौतुकही सांगितलं नाही.

जूनमध्ये दोन मुलं कमी झाली. बहीण-भाऊ. बाप मुंबईला होता. त्याच्या कानावर गेलं होतं की बाई संपावर आणि पोरीच पोरांना शिकवतात. त्याने फोनवरूनच लांज्याच्या इंग्रजी शाळेत नाव घातलं. पट नऊ झाला. एवढ्या लहान पटाची शाळा किती दिवस राहणार, ही काळजी तिला आधीही होती. आता ती रोज बोलून दाखवायला लागली.

त्याआधी, संप मिटल्यानंतर पंधरा दिवसांनी, खुलासा मागणारं पत्र आलं होतं. तुमची मंडपात उपस्थिती दिसते आणि शाळेतही दिसते, तर खरं काय? ती रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसली. पहिल्या कागदावर तिने सगळं खरं लिहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर 'मला माहिती नाही' असं लिहिलं आणि तोही फाडला. तिसरा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तुम्ही शब्दांची माणसं. असं लिहा, की मावशींचा विषयच निघणार नाही."

"म्हणजे सगळं तू अंगावर घेणार?"

"शाळा माझी, किल्ली मी दिली, तक्ता माझा. फारसं खोटं कुठे आहे त्यात?"

"अगं, गाडीतले लोक काय म्हणतील?"

"म्हणतील दोन दिवस."

मी लिहिलं. कालची प्रत समोर आहे म्हणून वाक्यं जशीच्या तशी देतो. 'सदर कालावधीत विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होऊ नये या हेतूने शाळा उघडी ठेवण्याची सूचना मी स्वतः दिली होती. मदतनीस यांनी भेटीच्या वेळी दिलेली माहिती ही माझ्या सूचनेनुसारच होती. त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' तिने वाचलं आणि म्हणाली, "छान झालं." मलाही त्या क्षणी छान वाटलं होतं. एका अवघड गोष्टीला नेमके शब्द सापडले, याचं माझ्यासारख्या माणसाला जे समाधान होतं, ते झालं. ती वाक्यं इतकी नीट उभी राहिली, की वाचणाऱ्या कोणालाही पुढे शंका घ्यावीशी वाटली नसती. कोणी घेतलीही नाही. तिला ताकीद मिळाली. मावशींना कोणी काही विचारलं नाही.

पण कचेरीतला कागद कचेरीत राहत नाही. महिन्याभरात गाडीतल्या सगळ्यांना कळलं, की मॅडमनी शाळा चालू ठेवायला स्वतःच सांगितलं होतं, तसं लिहूनच दिलं आहे.

घरी तिने काही सांगितलं नाही. गाडीच्या बातम्या मात्र बंद झाल्या. मला वाटलं, ती दमते. मग एका सकाळी जोराचा पाऊस होता आणि मी छत्री घेऊन थांब्यापर्यंत तिच्याबरोबर गेलो. गाडी आली. काचेतून मला आत दिसलं. बाकांवर रुमाल होते, पिशव्या होत्या. गुरुजी खिडकीशी होते आणि त्यांनी पलीकडे बघायला मान वळवली. ती चढली, पुढे सरकली आणि दांडीला धरून उभी राहिली. एका जागेवरचा रुमाल उचलला गेला आणि तिच्यामागून चढलेल्या बाई तिथे बसल्या.

संध्याकाळी मी विचारलं, "जागा मिळाली होती का गं?"

"मिळाली ना. पालीला माणसं उतरतात, तिथे मिळते."

"रोज पालीपर्यंत उभी असतेस?"

"माझं काही नाही हो त्यात. वाचता येत नाही, तेवढंच."

त्यानंतर मी तिच्यासाठी वाचनालयातून बारीक पुस्तकं आणायला लागलो. एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात मावतील अशी, हलक्या बांधणीची, मोठ्या टाइपातली. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की मी आधी वजन बघायचो. ती उभ्याने वाचायला शिकली. त्या दोन वर्षांत तिने जितकं वाचलं, तितकं आधीच्या दहा वर्षांत वाचलं नव्हतं. संध्याकाळी गाडीच्या बातम्यांऐवजी पुस्तकावर बोलणं व्हायचं. मला ते आवडायचं, आणि आवडतं याची लाजही वाटायची. मी अनेकदा म्हटलं, मी गुरुजींना जाऊन भेटतो. ती दर वेळी तेच म्हणायची. "त्यांना कळलं की गाडीला कळणार. गाडीला कळलं की तालुक्याला. मावशींची दोन-तीन वर्षं राहिलीत. होऊ दे." मी तिला शब्द दिला होता.

पुढे तिचं आजारपण निघालं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं नाही. फार दिवस लागले नाहीत.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. वंदना झाली, चार जण तिच्याविषयी बोलले. गुरुजी आले होते. आता निवृत्त झालेले, हातात काठी. ते बोलायला उठले नाहीत. लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "एक विचारू का? राग नका मानू. मॅडमनी तेव्हा तसं का केलं, ते मला आजवर कळलं नाही हो."

मावशींच्या हातून काम सुटून तेव्हा सहा महिने झाले होते. मी गुरुजींना सगळं सांगितलं.

मग काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मला एकदा शंका आली होती. अशा बाई आतून एक आणि बाहेरून एक करतील, हे बसत नव्हतं. पण तेव्हा खोलात जावंसं वाटलं नाही. संप मिटला तेव्हा आमच्या हातात काय आलं? बघू म्हणाले. घरी बायका-पोरं तोंडाकडे बघतायत. कोणावर तरी राग काढायचा होता. त्या उभ्या राहायच्या समोर, रोज." त्यांनी विचारलं, "मावशीला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग राहू दे तसंच. बाकीच्यांना मी सांगतो, पण तिच्यापर्यंत जाणार नाही असं."

त्यांनी ते कसं सांगितलं ते मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात गाडीतले चार-पाच जण वेगवेगळे येऊन गेले. एक बाई नुसत्याच बसून रडल्या. मला त्यांच्यावर राग धरता आला नाही. राग धरायचा तर आधी स्वतःवर धरावा लागला असता. ती वाक्यं माझी होती.

या मार्चमध्ये मी शाळेत गेलो. तिची काही चित्रं, शब्दपट्ट्या, कागदी घड्याळं घरी होती, ती नव्या बाईंना द्यायची होती. शाळा आहे. पट सात. नव्या बाई तरुण आहेत आणि त्यांनी सगळं आनंदाने ठेवून घेतलं. मी मागच्या पायऱ्यांच्या पाखाडीने मावशींकडे गेलो. त्या पडवीत बसून ओले काजू सोलत होत्या. बोटं चिकाने काळी झालेली. मला बघून उठायला लागल्या.

"बसा मावशी, बसा."

"आता कुटं उठवतंय. या. पानी घ्या." मग त्या तिच्याविषयी बोलत राहिल्या. बाई कशा होत्या, खिचडीत मीठ जास्त झालं तरी कशा काही बोलायच्या नाहीत, आपल्याला सही कशी शिकवली. आणि मग एकाएकी आवाज खाली आणून, जवळ सरकून म्हणाल्या, "तुमाला म्हायत हाय काय? एकदा त्यांची नोकरी जायची वेळ आल्ती. सगळ्या शाळा बंद, सरकार खवळलेलं. सायब आला धरायला. मी अशी चुलीपुढं. म्हटलं, येतायत, गाडी लेट हाय. लिवलं नि गेला. बाकीच्यांचं काय झालं कुनास ठाऊक, पन आमच्या बाई वाचल्या."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बाईंनी सांगितलं काय कदी तुमाला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळलं, की हा प्रश्न त्या बरीच वर्षं कोणाला तरी विचारायच्या राहिल्या होत्या.

"सांगितलं," मी म्हटलं. "खूप वेळा सांगितलं."

"काय म्हनाल्या?"

"म्हणाल्या, मावशी होत्या म्हणून निभावलं."

"मंग!" मावशी म्हणाल्या आणि पुन्हा काजूकडे वळल्या. "मी काय त्यांना सोडनार व्हते व्हय."

सोललेले काजू त्यांनी ओंजळीने माझ्या पिशवीत टाकले. बाईंना याची उसळ फार आवडायची, म्हणाल्या. तुम्हाला येते का करायला? मी नाही म्हटलं. त्या सांगायला लागल्या, खोबरं किती, कांदा कधी, आणि कोकमाची सोलं अगदी शेवटी. मी खिशातलं पेन काढलं आणि त्या सांगत होत्या तसं लिहून घेत गेलो.